आमच्या मापाची फटफटी

स्वतःविषयी लिहिताना 'आम्ही' म्हणण्याची रीत जुन्या निबंधकारांनी नम्रतेपोटी काढली की मोठेपणापोटी, याचा निवाडा पंडितांनी करावा. आमच्यापुरती ती केवळ वस्तुस्थिती आहे. पाच फूट अकरा इंच उंची आणि ११६ किलो वजन लाभलेल्या माणसाने स्वतःला एकवचनात संबोधले, तर तराजूला ते पटणार नाही. बसमध्ये आमच्या शेजारची जागा बहुधा रिकामी राहते, याचे कारण ती अर्धीच उरलेली असते. अशा आम्ही वयाच्या ५८ व्या वर्षी, बँकेतून निवृत्त झाल्यावर, आयुष्यातली पहिली फटफटी घ्यावयाचे ठरविले. आणि तीही नवी नव्हे, पन्नास वर्षांपूर्वीची. हे ऐकून आमच्या ओळखीचे लोक प्रथम हसले, मग त्यांनी आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि पुन्हा हसले.

वाचकहो, ही लहर निवृत्तीच्या रिकामपणातून उपजलेली नव्हती. आमचे बालपण गिरगावात, खोताच्या वाडीत गेले. बाहेरून चढणारे लाकडी जिने, पडवीत बसलेल्या आज्या, आणि समोरून कुणी आले तर एकाने अंग चोरून घ्यावे लागेल अशा गल्ल्या! त्या वाडीत आमच्या धर्मपित्यांची एक तांबडी जावा होती. रात्रपाळीहून परतताना ते वाडीच्या तोंडाशीच इंजिन बंद करीत आणि गाडी हातांनी ढकलत दारापर्यंत आणीत. कुणाची झोप मोडू नये, कुणाच्या घरी रोझरी चालू असेल तर तीत फटफट मिसळू नये, एवढाच त्यांचा हेतू. त्यामुळे त्या गाडीची आमची सर्वांत जुनी आठवण आवाजाची नाही. अंधारातून हळूहळू जवळ येणाऱ्या गरम तेलाच्या वासाची आहे. रविवारी मिस्सा आटोपल्यावर ते आम्हांला पुढे टाकीवर बसवून चौपाटीपर्यंत नेत. तेव्हा आम्ही टाकीवर मावत होतो, हे येथे नमूद करून ठेवतो.

पुढे शिक्षण, नोकरी, संसार या क्रमाने दिवस गेले आणि देह वाढत गेला. फटफटीचा विषय काढला की मित्र विचारीत, "गाडी तुला नेणार, की तू गाडीला?" थट्टेला उत्तर न देता गप्प बसणे आम्ही लवकर शिकलो.

पण आमच्या गप्प बसण्याचे खरे कारण थट्टा नव्हती. १९९३ च्या जानेवारीत आमचे लग्न झाले आणि १९९४ च्या जुलैमध्ये आमचा धाकटा मेहुणा गेला. तो २२ वर्षांचा होता, अंगाने काटकुळा, जेमतेम ५८ किलोंचा. फटफटी चालवायला शिकून त्याला सहा आठवडे झाले होते. मित्राची मोठी गाडी त्याने हौसेने मागून घेतली, आणि परळच्या ओल्या उतारावर ती त्याच्याकडून थांबली नाही. हेल्मेट त्याच्याजवळ होते. ते कोपरात अडकवलेले होते. आमच्या सौभाग्यवती परिचारिका. अपघात विभागात त्यांची उभी हयात गेली. त्या रात्री त्या दुसऱ्या रुग्णालयात दुसऱ्यांच्या मुलांची डोकी बांधीत होत्या. त्यानंतर तीस वर्षे आमच्या घरात मोटारसायकल हा शब्द कुणी उच्चारला नाही. बंदी कुणी घातली नव्हती. शब्दच तोंडातून निघत नसे.

निवृत्तीनंतर वाडीतल्या जुन्या घरातली कपाटे आवरताना धर्मपित्यांचे जावासह काढलेले छायाचित्र हाती आले. आम्ही ते दादरच्या घरी आणून टेबलावर ठेवले आणि त्या संध्याकाळी मनातले बोलून टाकले. सौ. काही बोलल्या नाहीत. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना, वर न पाहता त्या म्हणाल्या, "गाडी घ्यायला माझी ना नाही. पण आधी लहान गाडीवर नीट शिका, लायसन्स काढा. हेल्मेट मी मोजून घेईन. आणि ती पळते किती हे मला सांगू नका. थांबते किती ते सांगा."

गाडी निवडण्याविषयी पुढील आठ महिन्यांत आम्हांला जेवढा उपदेश मिळाला, त्यात एवढे शहाणपणाचे वाक्य दुसरे नव्हते.

कारण बाकी सर्वांचे एकच म्हणणे होते: तुम्हांला बुलेटच शोभेल. पोर्तुगीज चर्चच्या आवारात भेटलेले जुने सोबती, मासळीवाली, आमचा न्हावी, सगळे याच मताचे. मोठ्या माणसाला मोठी गाडी, हा हिशेब इतका सरळ वाटतो की तो तपासून पाहण्याचे कुणाला सुचत नाही. वास्तविक इंजिनाला आमचे ओझे काहीच नाही. या देशात शंभर सीसीच्या गाडीवरून नवरा, बायको, दोन मुले आणि गॅसचा सिलिंडर जाताना आपण रोज पाहतो. प्रश्न ओढण्याचा नसतो. बंद असलेली गाडी हाताने वळवणे, कलंडू लागली तर सावरणे, सुरू करणे आणि वेळेवर थांबवणे, या चार गोष्टींत नवशिक्याची परीक्षा होते. आणि त्यांतल्या तीन तरी गाडी जागेवर उभी असतानाच्या आहेत.

शिकण्याचा भाग थोडक्यात सांगतो. ताडदेवच्या आर.टी.ओ.त शिकाऊ परवाना काढला. तेथील बाकावर आमच्या शेजारी अठरा वर्षांची मुले बसली होती. त्यांनी आम्हांला अधिकारी समजून उठून जागा दिली. पुतण्याच्या नव्या सव्वाशे सीसीच्या गाडीवर, पहाटे, पारशी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डन्सच्या भोवती आम्ही फेऱ्या मारू लागलो. पडलो एकदाच, तेही उभ्या उभ्या. गाडी एका अंगाला झुकू लागली आणि आम्ही तिला बळाने उचलून धरायला गेलो. लठ्ठ माणसाला आपल्या बळाविषयी फार भ्रम असतो. पहिल्या एक-दोन इंचांत सावरली तर सावरली. त्यापुढे हात सोडून बाजूला व्हावे, हे आम्ही कमरेत लचक भरल्यावर शिकलो. महिनाभराने परवाना मिळाला. डाव्या पायाने गिअर, उजव्या पायाने ब्रेक, ही खूणगाठ तोवर पायांत बसली होती. ती पुढे किती महत्त्वाची ठरणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

मग शोध सुरू झाला. 'विंटेज' हा शब्द मूळचा द्राक्षमळ्यांतला, अमुक सालच्या द्राक्षांच्या हंगामाचा. वाहनांच्या दुनियेत इंग्रज मंडळी तो १९३० सालापर्यंतच्या गाड्यांपुरता राखून ठेवीत. आपल्याकडे २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने नियम केला, त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी विंटेज ठरते. तिला हवी तर 'व्हीए' अक्षरांची वेगळी क्रमांकपट्टी मिळते; मात्र अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. या व्याख्येने आम्ही स्वतःही आठ वर्षांपूर्वीच विंटेज झालो आहोत. मूळ स्वरूप राखले नाही, ही गोष्ट वेगळी.

पहिली गाडी दाखवली ती गिरगावातल्या एका संग्राहकांनी: दुसऱ्या महायुद्धातली बीएसए एम-२०. बर्मिंगहॅमच्या कारखान्याने ब्रिटिश लष्करासाठी या गाड्या लाखाच्या वर बनविल्या. १९७५ च्या 'शोले'त जय आणि वीरू ज्या साइडकारच्या गाडीवर बसतात, ती याच जातीची. ४९६ सीसीचे संथ, दमदार इंजिन आणि बसायला बुटकी. आम्ही बसलो मात्र, आणि उठावेसे वाटेना. पण मागच्या चाकाला स्प्रिंगच नाही. रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट मणक्याशी बोलतो. इंजिनातील ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हेसुद्धा हँडलवरच्या दांडीने आपणच ठरवायचे. किंमत ऐकून आम्ही त्यांच्या घरचा चहा तेवढा घेतला.

पुतण्याने यामाहा आरडी-३५० चे नाव काढले. तिला पन्नास वर्षे व्हायची आहेत, कारण राजदूत या नावाने ती आपल्याकडे १९८३ मध्ये आली. पण तो ऐकेना. तिच्याविषयीची एक गोष्ट सौ.च्या कानी पडताच विषय मिटला: परदेशात या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे त्या जागी ड्रम ब्रेक बसविला गेला. "म्हणजे पळणं तेवढंच ठेवलं आणि थांबणं कमी केलं," सौ. म्हणाल्या. त्यावर पुतण्याही निरुत्तर झाला. साधी राजदूत १७५ मूळ पोलंडच्या आराखड्यावरची, गावोगावच्या दूधवाल्यांची लाडकी, स्वस्त आणि सोशिक. ती आम्ही बघायला गेलो त्या दिवशी मालकाने सोबत तिची धाकटी बहीणही दाखवली, १९७३ च्या 'बॉबी'मुळे गाजलेली ती इवल्या चाकांची. आम्ही तिच्यावर बसलो असतो, तर पाहणाऱ्याला सर्कशीतल्या अस्वलाची आठवण झाली असती. बसलो नाही.

आणि मग बुलेट. सर्व जगाचा आग्रह मोडायचा तर निदान एकदा भेट घ्यावी, म्हणून लालबागला भारतमाता टॉकीजपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका मेस्त्रींकडे गेलो. मेस्त्रींचे वडील गिरणीत साचे सांभाळीत. १९८२ च्या संपानंतर गिरणीचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही, तेव्हा त्यांनी हा गाळा भाड्याने घेतला आणि यंत्राचा कान असलेला तो हात फटफट्यांकडे वळला. लालबाग-परळच्या किती गॅरेजांची कुळकथा अशीच असेल! गाळ्यात १९७० च्या सुमाराची काळी बुलेट उभी होती. इंग्लंडच्या रॉयल एनफील्डची ही ३५० बुलेट आपल्या लष्कराने पसंत केली आणि १९५५ मध्ये मद्रासेत एनफील्ड इंडिया स्थापन होऊन ती येथे बनू लागली. इंग्लंडातला मूळ कारखाना बंद पडला, मद्रासचा चालू राहिला.

मेस्त्री म्हणाले, "साहेब, बसू नका. आधी मधल्या स्टँडवर लावून दाखवा."

दीडशे किलोंहून कितीतरी जड असलेली ती गाडी. आम्ही दोन्ही हातांनी मागून उचलायच्या पवित्र्यात वाकलो. मेस्त्रींनी थांबवले. "हातानं नाही. स्टँडच्या जिभेवर पाय ठेवा आणि नुसते उभे राहा." आम्ही नुसते उभे राहिलो. गाडी अलगद मागे सरकून स्टँडवर चढली, जशी काही आमच्याच वाटेकडे डोळे लावून बसली होती. गाळ्यातला पोरगा म्हणाला, "आयला, आम्हांला तर तीनदा उडी मारायला लागते!" वाचकहो, शाळेच्या कवायतीपासून बँकेच्या लिफ्टपर्यंत आमच्या वजनाने आमची फजिती तेवढी केली. त्याने एखादे काम सोपे केल्याचा हा पहिलाच प्रसंग. आम्ही गाडी खाली उतरवली आणि उगाचच पुन्हा एकदा स्टँडवर लावली.

पण बुलेट सुरू करणे हा एक विधी आहे. हँडलवरची छोटी दांडी दाबून इंजिनातला दाब सोडायचा, किकने इंजिन सावकाश फिरवीत अॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, दांडी सोडायची आणि मग एकच भरघोस किक. पहिल्या दोन खेपेला आम्ही ती अशी सुरू केली की मेस्त्रींनी मान डोलावली. तिसऱ्या खेपेला ठिणगी क्षणभर आधी पडली असावी. इंजिनाने किक उलटी फेकली आणि ती थेट आमच्या उजव्या गुडघ्यात उतरली. या गुडघ्यातली गादी झिजल्याचे हाडांच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितले होते. आम्ही दहा मिनिटे तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून होतो. डब्याचाही आवाज आला.

मेस्त्रींनी पाणी दिले. म्हणाले, "गाडीत खोट नाही, साहेब. टायमिंग मी बसवून देईन. पण हिची किक उजवीकडं. रोज नाही, पण वर्षातनं दोनदा तरी ही असं करणार. तुमचा गुडघा किती वेळा सोसंल?" मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, जी आमच्या लक्षातही आली नव्हती. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाखाली आणि ब्रेक डाव्या. सवय झालेल्याला काही वाटत नाही. पण आमचे पाय पुतण्याच्या गाडीवर शिकलेले. समोर अचानक पोर आले, तर डोके विचार करण्यापूर्वी उजवा पाय खाली जाणार, आणि तेथे ब्रेक नसून गिअर असणार.

आम्ही घरी आलो आणि हे सौ.ना सांगितले. गुडघ्याला शेक देता देता त्या बराच वेळ स्तब्ध होत्या. मग म्हणाल्या, "त्याच्या गाडीला ब्रेक कुठल्या पायाला होता, कोण जाणे. आम्ही कुणी विचारलंच नाही." तीस वर्षांत मेहुण्याच्या गाडीविषयी त्यांनी काढलेले हे पहिले शब्द.

त्या रात्री आम्ही त्यांना एक वाचलेली हकीकत सांगितली. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात आपल्या ब्रफ सुपिरिअर गाडीवरून जात असता दोन सायकलस्वार मुलांना चुकवण्याच्या प्रयत्नात पडले आणि सहा दिवस बेशुद्ध राहून वारले. त्यांच्या उपचारांसाठी बोलावलेल्या तज्ज्ञांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ते मरण केर्न्सच्या मनातून गेले नाही. दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा त्यांनी अभ्यास मांडला, १९४१ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सौ.नी शांतपणे ऐकले आणि शिवणाच्या पेटीतली टेप काढली. कपाळावरून, भुवयांच्या बोटभर वरून, मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवून त्यांनी आमचे डोके मोजले: ६२ सेंटिमीटर. दुकानदार लहान हेल्मेट डोक्यावर दाबून "सैल होईल हळूहळू" म्हणतो, त्याला बळी पडू नये. आमच्या मापाचे, आयएसआय खुणेचे हेल्मेट चौथ्या दुकानात मिळाले. गाडी अजून ठरायची होती. हेल्मेट आधी घरात आले आणि कपाटावर जाऊन बसले.

जावा शेवटी फाइव्ह गार्डन्सपासून दोन गल्ल्यांवरच सापडली. मालक एक पारशी गृहस्थ, वय ८१. पहाटे आम्हांला फेऱ्या मारताना ते गच्चीतून रोज पाहत असत, असे नंतर कळले. गाडी १९७१ सालची, तांबडी, टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोम, त्यावर गंजाचे बारीक ठिपके. जावा हे नाव यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून झाले. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये प्रागमध्ये ही कंपनी काढली. आपल्याकडे फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून म्हैसूरला या गाड्या बनविल्या. पुढे त्याच कारखान्याच्या गाड्यांना इराणमधील यझ्द शहराची आठवण देणारे 'येझदी' हे नाव मिळाले, आणि १९९६ मध्ये तेथील उत्पादन थांबले. नवी जावा २०१८ पासून पुन्हा बाजारात आहे, पण तिच्याशी आपल्याला आज कर्तव्य नाही.

मालकांनी आमचे वजन विचारले. आम्ही सांगितले. ते म्हणाले, "आम्ही नवरा-बायको आणि दोन पोरं चौपाटीला जायचो हिच्यावर. चौघं मिळून तुमच्यापेक्षा जास्तच असू. ती काही बोलली नाही."

ही गाडी आमच्या गुडघ्यासाठीच घडवल्यासारखी होती. किक डावीकडे, आणि हलकी. सुरू झाली की किकचा तोच दांडा पुढे फिरवायचा. तोच गिअरचा दांडा होतो. म्हणजे गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या, आमच्या पायांनी शिकून ठेवलेल्या जागी. गिअर बदलताना दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे नवशिक्याची धांदल कमी. चेन पूर्ण झाकलेली, आमच्या विस्तृत पाटलोणीस ते सोयीचे. वजनाला बुलेटच्या मानाने बरीच हलकी आणि बसायला बुटकी, त्यामुळे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. पाठीमागे ढकलून पाहिली, गोल फिरवून पाहिली, एका हाताने कलती करून सावरून पाहिली. आणि इंजिनापाशी वाकलो तेव्हा तो वास आला. पण वासावर गाडी घेऊ नये, म्हणून आम्ही लगेच सरळ उभे राहिलो.

मेस्त्रींना घेऊन पुन्हा गेलो. त्यांनी चासीवरचा क्रमांक रॉकेलच्या चिंधीने पुसून नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहिला, मग इंजिनावरचा. जुन्या गाडीत ही गोष्ट क्रोमच्या आधी पाहावी. पुस्तकावरचा मालक कधीच दिवंगत झालेला आणि गाडी पाच हात फिरलेली, असे प्रकार फार. मालक हयात असेल तर नमुना २९ आणि ३० वर त्याच्या सह्या लागतात, नसेल तर वारसांना नमुना ३१ भरावा लागतो. वारस सापडले नाहीत तर ती गाडी कितीही देखणी असो, तिला मनातल्या मनात रामराम करावा. येथे पहिला मालकच आमच्यासमोर खुर्चीत बसलेला होता.

मेस्त्रींनी दोषही सांगितला, आणि तो लहान नव्हता. जावा टू-स्ट्रोक. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, म्हणजे उतारावर अॅक्सिलरेटर पूर्ण मिटून दूरवर घरंगळत गेले तर इंजिनाला तेलही मिळत नाही. शिवाय बुलेटचे इंजिन उतारावर गाडीला मागे ओढून धरते, तसे हिचे धरत नाही. "लालबागचा पूल उतरताना तुम्ही, गाडी आणि ब्रेक. चौथं कुणी नाही," मेस्त्री म्हणाले. ड्रम ब्रेकची पकड मर्यादित. तिच्यापुढे माणूस जितका जड, तितकी गाडी उशिरा थांबणार. येथे आमचे वजन पुन्हा आमच्या विरुद्ध पक्षाला जाऊन मिळाले.

सौ. सोबत होत्या. त्यांनी विचारले, "ब्रेक चांगले करता येतील?"

"होतील. पण डिस्कसारखे नाही होणार, ताई. खोटं सांगणार नाही."

"मग हे हळू चालवतील," सौ. म्हणाल्या. आम्ही काही बोलायच्या आतच व्यवहार ठरला. किंमत येथे देत नाही. हा अंक आमच्या बहिणीही वाचतात.

दुरुस्तीचा पैसा मेस्त्रींनी कुठे घातला, हे आमच्यासारख्या देहयष्टीच्या वाचकांसाठी सांगतो. टाकी आणि क्रोम जसे होते तसेच ठेवले. ब्रेकचे ड्रम घासून गोल केले, लायनर आणि केबली नव्या घातल्या. मागच्या चाकाचे सगळे स्पोक बदलले, कारण जड स्वाराचे ओझे प्रथम त्यांच्यावर पडते आणि एक तुटला की शेजारचे तुटू लागतात. मागच्या स्प्रिंगा जाड तारेच्या बसविल्या. टायर नवे, आणि मागच्यात हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त. हँडल दोन बोटे उचलले, वळताना आमचे गुडघे त्याला लागत होते म्हणून. काही सुटे भाग ऑपेरा हाऊसकडच्या दुकानांत मिळाले, काही चोरबाजारात. मागचा दिवा मात्र त्या पारशी गृहस्थांनीच नंतर फडक्यात गुंडाळून आणून दिला. १९७८ मध्ये घेऊन ठेवला होता म्हणे, लागेल कधीतरी म्हणून. सौ.नी एक काम आपले म्हणून सांगितले: मागे बसणाऱ्याचे दोन्ही फूटरेस्ट काढून टाकायचे. वर्षभर मागे कुणी बसणार नाही. पुतण्या नाही, त्याही नाहीत.

आता रविवारी पहाटे, साडेपाचला, आम्ही दोघे फाइव्ह गार्डन्सला जातो. आम्ही गाडीवर, सौ. पायी, हातात खडू आणि शिवणाची टेप. एका मोठ्या झाडाशी त्यांनी रस्त्यावर आडवी रेघ मारली आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने यायचे, रेघेवर चाक येताच दोन्ही ब्रेक एकदम आणि चढत्या जोराने लावायचे, चाक लॉक होऊ द्यायचे नाही. जेथे थांबू तेथे त्या दुसरी रेघ मारतात आणि मोजून वहीत लिहितात, वॉर्डात ताप लिहीत तशा. पहिल्या दिवशी १९ पावले झाली. वेग दुप्पट केला की हे अंतर चौपट होते, हे शाळेत आम्हीही शिकलो होतो. पण रस्त्यावर खडूने मांडल्याशिवाय ते आम्हांला खरे वाटले नव्हते. ४० ने येऊन पाहिले तेव्हा सौ. रेघेपासून चालत आल्या, चालतच राहिल्या, आणि रेघ मारताना त्यांनी आमच्याकडे नुसते पाहिले.

गेल्या रविवारी पाऊस पडून गेला होता. रस्ता ओला होता. आम्ही म्हटले, आज राहू द्या. त्या म्हणाल्या, "आजच पाहायला हवं." आम्ही २० च्या वेगाने आलो. ब्रेक हळूच धरले, मग थोडे आणखी. चाक एकदा किंचित घसरले; आम्ही ब्रेक सोडून पुन्हा धरला आणि गाडी सरळ थांबली. सौ. टेप घेऊन आल्या. ओल्या डांबरावर खडू उमटेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग खडू पदराने पुसला आणि चाकाशेजारी आपली चप्पल काढून ठेवली, खूण म्हणून, आणि अनवाणीच पावले मोजत रेघेकडे निघाल्या.